आर्डिसच्या भट्टीची काजळी

मला बर्गर आवडत नाही आणि कर्ट लँडिसही आवडत नाही. दोघेही वरून फुगलेले आणि आत फारसं काही नाही.

कर्ट ओहायोचा. लुसाका या आफ्रिकी शहरात, कबुलोंगा वस्तीच्या बाजूला त्याचं अमेरिकन हॉटेल आहे. भिंतींवर जुन्या मोटारींच्या नंबरप्लेट, बैलाची शिंगं, लाकडाच्या फळीवर रंगवलेला झेंडा. नंबरप्लेट त्याने कमवाला बाजारातल्या रंगाऱ्याकडून करून घेतल्यात, एकही खरी नाही. तरी आमचे अमेरिकन लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढतात. शाळेतले मास्तर, मिशनची मंडळी, वकिलातीतले पहारेकरी. घरापासून लांब आलेल्या माणसाला घरचं म्हणून काहीही खपतं. बर्गर इतका उंच की तोंडात मावत नाही, मग सुरी-काटा मागतात. पाव सुरीने कापून खायचा! वर तळलेल्या कांद्याच्या चकत्या, दोन तऱ्हेचं चीज आणि तो गोड लाल सॉस. मांस कुठे आहे ते शोधावं लागतं.

तरीही दर शनिवारी दुपारी मी तिथे जाऊन बसायचो, कारण हॉटेलच्या मागच्या अंगणात आर्डिसची भट्टी होती.

आर्डिस माझी बायको. फेब्रुवारीत, इथल्या भर पावसाळ्यात गेली.

भट्टी मी बनवली होती. मी बोअर खणणारा माणूस, लोखंड जोडणं हे माझं रोजचं काम. कितवे शहरातल्या एका खाणीच्या भंगारातून रुंद पाइप आणला, आडवा ठेवला, एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुरांडं, वर झाकण. तिथे माझं काम संपलं. शिजवायची ती आर्डिस. मला झाकणालासुद्धा हात लावू द्यायची नाही. "तू लोखंड बघ, वेंडल. आतलं मी बघते."

टेक्सासात आमच्या भागात बैलाच्या छातीचं मांस धुरावर शिजवतात. मीठ, मिरी, बाकी काही नाही. जाळ लांब ठेवायचा, धूर जवळ, आणि घाई करायची नाही. तिकडे ओक जाळतात. इथे तिने मोपानीचं लाकूड जाळून पाहिलं आणि मग तेच धरलं. मांस द्यायचं कागदावर, सोबत पांढरा पाव, कच्चा कांदा, काकडीचं लोणचं. कोणी सॉस मागितला की म्हणायची, "सॉस हॉटेलात मिळतो. जा की तिकडे."

अशी भट्टी आतून कधी घासत नाहीत. बिडाच्या तव्याचं असतं तसंच. चरबी आणि धुराचा थर वर्षानुवर्षं बसत जातो, काळा, डांबरासारखा तुकतुकीत. तो लोखंडाची चव मांसाला लागू देत नाही आणि स्वतःची चव देतो. आर्डिसने आमच्या अंगणात जे जे शिजवलं ते सगळं थोडं थोडं त्या थरात जमलेलं होतं.

तिचे गुडघे गेले तेव्हा तिने भट्टी कर्टला दिली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "थंड भट्टी गंजते." एकच अट घातली: बाना चोलाखेरीज भट्टीला कोणी हात लावायचा नाही. बाना चोला म्हणजे चोलाची आई. इकडे बाईला तिच्या थोरल्याच्या नावाने हाक मारतात. साठीची, बेम्बा जमातीची बाई, दंड माझ्या मांडीएवढे. आमच्या अंगणात जाळ तीच सांभाळायची. दोघी लाकडावरून भांडायच्या, मिठावरून भांडायच्या आणि नंतर एकाच बाकावर बसून एकाच कागदावरचं खायच्या. कर्टने अट लगेच मान्य केली. पाटीवर 'बार्बेक्यू' लिहिलं की गिऱ्हाईक येतं, एवढं त्याला कळत होतं.

आर्डिस गेल्यावर टेक्सासहून मुलगी आली. आठवडाभर राहिली, "बाबा, घरी चला" म्हणाली. मी नाही म्हणालो. कारण तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिने डॉक्टर शोधला असता. आर्डिसचे कपडे मी उशाशी घेऊन पाहिले होते, त्यांचा वास चार दिवसांत उडाला. फोटोत तर ती नेहमीच डोळे मिटलेली यायची. पण शनिवारी त्या कागदावरचा काळ्या कडेचा तुकडा तोंडात घेतला की ती होती. चावून संपेपर्यंत होती. मला तेवढा घास पुरत होता. त्यासाठी मी कर्टचं तोंड बघायला तयार होतो.

जुलैत चार तारखेला आमच्या देशाचा सण असतो. त्याच्या आदल्या शनिवारी मी नेहमीच्या टेबलाशी बसलो, कागद आला, तुकडा तोंडात घातला.

लोखंड. जिभेवर खिळा ठेवल्यासारखं. आणि मागून काहीतरी साबणासारखं.

मी दुसरा तुकडा घेतला. तेच. कडेचा घेतला. तेच. आर्डिस नव्हती.

शेजारच्या टेबलाशी शाळेत शिकवणारी मार्लिस बसली होती, इंडियानाची, सगळ्यात तोंड घालणारी. ती म्हणाली, "आज किती छान लागतंय ना, वेंडल? नेहमी मेलं किती धुरकट असतं!"

"बाई, तुम्ही बर्गर खा," मी म्हणालो.

"बाई गं! एवढं रागवायला काय झालं?"

"तुम्हाला मांस कळत नाही हे झालं."

मी उठून मागच्या अंगणात गेलो. भट्टीचं झाकण उघडलं. आत सगळं पांढरं, चकचकीत, नव्या पातेल्यासारखं. एक ठिपका काळा उरला नव्हता. खाली जमिनीवर खरखरीत दगडाचे झिजलेले तुकडे पडले होते. ते दगड मला माहीत होते. कर्ट त्यांनीच बर्गरचा तवा घासतो. बापाचा नियम म्हणे: तव्यात स्वतःचं तोंड दिसल्याशिवाय घरी जायचं नाही. ही गोष्ट तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ स्वयंपाकघरात घुसलो. कर्ट तव्यापाशी होता, सहा-सात बर्गर चरचरत होते. मी खाली वाकून गॅस बंद केला.

"अहो! काय करताय?"

"भट्टी कोणी घासली?"

"गॅस सोडा आधी. बाहेर लोक बसलेत."

"बसू देत. कोणी घासली?"

"मला काय माहीत! काल पाहिली तेव्हा चकाचक होती. मला आनंदच झाला. चार तारखेला वकिलातीची माणसं येणार, म्हटलं चला, कोणालातरी अक्कल आली."

"खोटं बोलू नकोस. बाहेर तुझे दगड पडलेत."

"दगड माझे, हात माझा नाही." त्याने उलथनं खाली ठेवलं. "पण खरं ऐकायचंय? मी घासली असती तर पहिल्याच वर्षी घासली असती. घाण होती ती, वेंडल. वीस वर्षांची चरबी. कुणी तपासायला आलं असतं तर माझं हॉटेल बंद झालं असतं."

"ती घाण होती?"

"मग काय होतं?"

मी त्याच्या सदऱ्याचा गळा धरला. सत्तरीच्या माणसात किती जोर असतो हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मार्लिस दारात येऊन "अरे देवा, अरे देवा" करत उभी राहिली होती. कर्ट माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "टेक्सासला जा की! तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर काळी भट्टी मिळेल. इथे माझ्या डोक्यावर बसून कशाला कुजताय?"

"मी घासली," मागून आवाज आला. "त्यांचा सदरा सोडा, बा वेंडल. आधीच मळलाय तो."

बाना चोला होती. मान म्हणून ती मला 'बा' लावते. तिच्या कोपरापर्यंत ओरखडे होते आणि नखं अजून काळी होती.

मी सदरा सोडला. अंगणात गेलो. ती मागून आली, तिच्यामागून कर्ट.

"यानं सांगितलं म्हणून?" मी विचारलं.

"याचं मी कधी ऐकते? मी माझ्या मनाने घासली. गुरुवारी दिवसभर. पाठ मोडली माझी, ते कोणी विचारत नाही."

"का?"

"का म्हणून मला विचारता?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फेब्रुवारीपासून मी वाट बघतेय. म्हटलं, मुलगी येईल, ती करेल. मुलगी आली, विमानात बसून गेली. म्हटलं, मग बा वेंडल करतील. हे काय करतात? शनिवारी येतात, खातात, जातात. आमच्याकडे घरातलं माणूस मेलं की त्याच्या चुलीतला विस्तव विझवतात. राख बाहेर टाकतात, भांडी घासतात, चूल पोतारतात. मग घरच्या जिवंत माणसाने नवा विस्तव पेटवायचा. मेलेल्याच्या विस्तवावर जिवंतांनी जेवायचं नसतं. लहान पोरालाही कळतं हे."

"मी बेम्बा नाही. आर्डिसही नव्हती."

"नव्हती ना! तुम्ही टेक्सासचे, माहितीय. पण लाकूड इथलं आहे, बैल इथला आहे, आणि हात माझा आहे. दर शुक्रवारी तिचा विस्तव पेटवायचा मी. पाच महिने मी मेलेल्या बाईच्या चुलीवर रांधतेय. रात्री झोप लागत नाही मला. आणि कशासाठी? तर शनिवारी तुम्ही येऊन तिला थोडं थोडं खाणार!"

"तोंड सांभाळा, बाना चोला."

"का सांभाळू? खोटं आहे? आरशात बघा. पट्ट्याला नवं भोक पाडलंय तुम्ही. बाकीचे दिवस काय जेवता? डब्यातल्या बीन्स. तुमच्या दारापुढे मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं पातेलं ठेवून आले मी, दोनदा. दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या कुत्र्याने खाल्लं."

"मला कोणाचं पातेलं नकोय."

"तेच तर. शनिवारचं हवंय फक्त."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

"नाही."

"मग?"

तिच्याशी बोलणं म्हणजे खडकात बोअर मारणं. आर्डिस रोज मारायची, तिला जमायचं. मी उघड्या झाकणाकडे बघत उभा राहिलो. तिथे जे होतं ते खरवडून पोत्यात भरून कुठल्यातरी खड्ड्यात गेलं होतं, आणि जगातला कुठलाच माणूस ते परत आणू शकत नव्हता. कबरेवर माती टाकली तेव्हा मी रडलो नव्हतो. तेव्हा मला शनिवार माहीत होता.

"कुठे टाकलंत?" मी विचारलं.

"सांगणार नाही. तुम्ही उकरायला जाल."

मी गेलोच असतो.

आता कर्टला संधी दिसली. "हे पाहा," तो म्हणाला, "माझ्या हॉटेलात हे असलं चालणार नाही. मला न विचारता, असले विधी! वेंडल, नुकसान तुमचं झालंय. तुम्ही सांगा. आत्ता काढून टाकतो हिला."

बाना चोलाने एप्रनची गाठ सोडली. त्याची घडी घालून भट्टीवर ठेवला. "काढा. मग चार तारखेला शिजवा तुम्ही. त्या दगडाने."

"वेंडल?" कर्ट म्हणाला. "बोला."

दोघं माझ्याकडे बघत होते. मला ती नको होती. खरं सांगतो, त्या क्षणी ती पुन्हा कधी डोळ्यांसमोर येऊ नये असंच वाटत होतं. पण आर्डिसशी मिठावरून भांडलेलं दुसरं माणूस जगात नव्हतं.

"हिला काढलंस तर मला भांडायला कोण राहील?" मी म्हणालो. "तुझ्याशी भांडून मजा येत नाही. तू तुझे बर्गर परतत बस."

"म्हणजे?"

"म्हणजे आत जा. गॅस मी बंद केलाय, तुझी सगळी ऑर्डर कच्ची पडलीय."

तो "दोघेही वेडे" असं पुटपुटत दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बाना चोलाने एप्रन परत बांधला नाही. खिशातून काडेपेटी काढून माझ्यापुढे धरली.

"घ्या."

"काय?"

"मी काल पेटवला विस्तव. तिथेच चुकलं. म्हटलं, इतकी वर्षं तिच्याबरोबर होते, मी पेटवला तरी चालेल. नाही चाललं. घरच्याच माणसाने पेटवायचा असतो. पेटवा."

"मी नाही."

"मग भट्टी अशीच थंड राहील. मी पुन्हा लावणार नाही. चार तारखेला लोकांना बर्गर खाऊ दे."

"मला चालेल!" कर्ट दारातून म्हणाला. "मला तर फारच बरं. ती जागाही मोकळी होईल, तिथे दोन टेबलं बसतील."

दोन टेबलं. आर्डिसच्या जागी मार्लिस बसून सुरी-काट्याने पाव कापणार. मी काडेपेटी तिच्या हातातून ओढून घेतली.

पण ती लगेच पेटवू देईना. आधी आतून चरबी लावायची म्हणाली, नाहीतर पुन्हा लोखंडच लागेल. तिने स्वयंपाकघरातून बैलाच्या चरबीचा गोळा आणून माझ्या हातावर आपटला. मी बाह्या वर केल्या आणि खांद्यापर्यंत आत शिरलो. आतून मला माझी जोडणी दिसली. पाइपाच्या शिवणीवर ओळीने बसलेले टाके, एका जागी ओघळलेले, तिथे माझा हात हलला असणार. इतकी वर्षं ते काळ्या थराखाली होते. मी बोटाने चरबी त्यांच्यावर दाबत गेलो.

"कोपऱ्यात लावा. कोपऱ्यात! जिथे दिसत नाही तिथेच गंज धरतो."

"लावतोय."

"काय लावताय? भिंत रंगवताय का? चोळा."

मग लाकूड रचलं. ते मला येत नव्हतं, आर्डिसने कधी रचू दिलं नव्हतं. मी सगळं मोपानी एकदम पेटीत कोंबलं.

"जंगल पेटवताय का, बा वेंडल? अर्धं काढा. हवा कुठून जाणार, तुमच्या डोक्यातून?"

पहिली काडी विझली. दुसरीही. कर्ट दारात हसला. तिसरीने धरलं. आधी पांढरा, घाणेरडा धूर आला, माझ्या डोळ्यांत गेला, बाना चोलाच्या डोळ्यांत गेला, आणि मग हॉटेलच्या खिडक्यांतून आत शिरला. आतून मार्लिस खोकताना ऐकू आली. मला त्या दिवसात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

त्यानंतर चार तारखेपर्यंत मी रोज जात होतो. रोज चरबी, रोज जाळ, आत मांस काही नाही, रिकामी भट्टी तापवत बसायचं. बाना चोला बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. बोलणं असं नाही. "जाळ मोठा झाला." "दिसतंय मला." एवढंच. कर्ट येता-जाता विचारायचा, "काय शिजतंय?" मी म्हणायचो, "तुझा बाप." आतला रंग पांढऱ्याचा पिवळा झाला, मग गाढवासारखा करडा. काळा नाही. काळा व्हायला वर्षं लागतात, तेवढी माझ्याकडे आहेत की नाहीत ते मला माहीत नाही.

सणाच्या आदल्या दुपारी तिने मांस माझ्यापुढे टाकलं. "मीठ लावा."

"ते तुमचं काम."

"माझे हात दुखताहेत," ती म्हणाली, आणि ते दोन्ही हात पोटावर बांधून बसली.

चार तारखेला अंगण भरलं. झेंडे, टोप्या, कर्टचा नवा सदरा. लोक बर्गरच्या रांगेत होते, भट्टीपाशी थोडेच आले. एक वकिलातीतला पोरगेला पहारेकरी, बोलण्यावरून माझ्याच भागातला, कागदावरचा तुकडा खाऊन बोटं पुसू लागला. "कसं आहे?" मी विचारलं. "ठीक आहे, सर," तो म्हणाला. माझ्या भागातला माणूस जेवणाला ठीक म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत आहे.

माझा कागद घेऊन मी बाकावर बसलो. बाना चोला समोर उभी राहिली. कडेचा तुकडा तोंडात घातला. लोखंड जरा मागे गेलं होतं, पण होतं. धूर कडवट होता. मांस चिवट. आर्डिसचं काहीच त्यात नव्हतं. मी तिला शोधत चावत राहिलो, गिळलं, दुसरा घेतला, पुन्हा शोधलं.

"बोला," ती म्हणाली.

"वाईट आहे."

"हो."

"आर्डिसचं असं नव्हतं."

"आर्डिस मेली, बा वेंडल."

फेब्रुवारीपासून हे माझ्यासमोर कोणी असं बोललं नव्हतं. आमचे लोक 'आता ती सुखात आहे' म्हणतात, 'देवाघरी' म्हणतात, खांद्यावर हात ठेवून बर्गर मागवतात. हातातला पाव तिच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. पाव चुरगाळला गेला. ती तशीच उभी होती, हललीही नाही, नजर वळवली नाही. मागे कर्ट कोणालातरी तव्यात तोंड कसं दिसलं पाहिजे ते सांगत होता.

मग मी तो चुरगाळलेला पाव मांसावर दाबला आणि खाल्ला. तोंडात होतं तेवढं संपवून म्हणालो, "मीठ कमी आहे."

"मीठ तुम्ही लावलंत."

"मग तेव्हा सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं, तुम्ही ऐकत नाही. ती पण हेच म्हणायची."

"काय म्हणायची?"

बाना चोलाने बाकावर बसून माझ्या कागदावरचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"की तुम्ही ऐकत नाही," ती म्हणाली. "सरका जरा. सगळा बाक अडवलाय."